टपालपेटीचा हार

बाजारात झेंडूच्या राशी पडायला लागल्या, की इतक्या वर्षांनंतरही मला पहिली आठवते ती तीच केस. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, भरतीबरोबर किनाऱ्याला लागलेली प्रेतं पाहिली. पण दसऱ्याच्या तोंडावर माझ्या मनात येते ती एक लाल टपालपेटी. हसा खुशाल. आमचे हवालदारही त्या दिवशी असेच हसले होते.

कुणाचं नाव मी घेणार नाही. काशीद सोडून मुरुडकडे जाताना रस्त्यालगत एक छोटं ठाणं आहे, तिथं मी प्रभारी होतो. निवृत्तीच्या आधीची माझी ती शेवटची नेमणूक. ठाण्याच्या मागे नारळाची वाडी, आणि वाडी उतरून गेलं की कोळीवाडा. सकाळी हजेरी घेताना वाऱ्यावर सुकटीचा वास यायचा आणि नवीन बदलून आलेले शिपाई नाकाला रुमाल लावायचे. महिन्याभरात तेच शिपाई कोळणीशी बोंबलाच्या भावावरून घासाघीस करताना दिसत.

गणपतीचा बंदोबस्त नुकताच संपला होता. आमचे पाय अजून दुखत होते. तेवढ्यात तालुक्याचे पोस्टमास्तर छत्री आपटत आत आले आणि म्हणाले, "फिर्याद नोंदवायची आहे. भारत सरकारच्या मालमत्तेची चोरी झालीय."

"काय गेलंय?" मी विचारलं.

"कोळीवाड्यातली टपालपेटी. बंदरावरच्या शेडच्या भिंतीवरून उचलून नेली. अख्खी!"

हवालदारांनी मान खाली घातली, पण खांदे हलत होते. "मास्तर, रिकामा डबा नेऊन कोण काय करणार? भंगारवालासुद्धा तोंड फिरवील."

"डबा?" पोस्टमास्तर असे उसळले की छत्री पडली. "डबा नव्हे, पेटी! तिला नंबर असतो, वेळ असते, चावी असते. ठरलेल्या वेळेला माणूस जाऊन ती उघडतो. पत्र असो नसो, जायचंच. तुमचा तो कुरिअरवाला काशीदच्या रिसॉर्टपर्यंत येतो आणि पुढच्या गावाला फोन करतो, 'येऊन घेऊन जा'. आमचा माणूस दारात जातो. अलिबागला पाठवा नाहीतर आसामला पाठवा, तिकीट तेच. तोट्यात का असेना, सरकार हे चालवतं, कारण दुसरं कुणी चालवणार नाही. कळलं?"

हवालदारांना कळलं की नाही ठाऊक नाही, पण त्यांनी पडलेली छत्री उचलून दिली. मग पोस्टमास्तरांचाच आवाज खाली आला. खरं म्हणजे ती पेटी काढायचा आदेश आला होता. वरून मोजणी झाली होती. पेटीत पडणारी पत्रं फारच कमी भरली, म्हणून ती तिथून हलवून जास्त टपाल असेल अशा ठिकाणी लावायची होती.

"मग चोरानं तुमचं काम हलकं केलं म्हणायचं," हवालदारांनी पुन्हा तोंड उघडलं.

"काढायची तर खात्यानं काढायची. रीतसर!" पोस्टमास्तर म्हणाले. माणूस तापट होता पण सरळ होता. मी गुन्हा दाखल करून घेतला.

जागेवर जाऊन पंचनामा केला. चोर नेहमी घाईत असतो. कुलूप मोडतो, कडी वाकवतो, काहीतरी सांडतो. हा माणूस मुळीच घाईत नव्हता. पेटी भिंतीला ज्या बोल्टांवर टांगलेली होती, ते त्यानं तेल घालून पान्यानं सोडवले होते आणि नट-वायसर सगळे शेडच्या कठड्यावर नीट मांडून ठेवले होते. घरंगळून पडू नयेत म्हणून कडेला शिंपला. आणखी एक गोष्ट. पेटी गेली ती विसर्जनाच्या दिवशी, आमचं सगळं ठाणं आणि सगळा कोळीवाडा किनाऱ्यावर असताना. आणि तीही दुपारची डाक निघाल्यानंतर. म्हणजे पेटी रिकामी होती. चोराला कुणाचं पत्र न्यायचं नव्हतं.

कोळीवाड्यात विचारपूस केली. एक बाई म्हणाली, "न्हाय साहेब, आमी काय बघलं न्हाय." दुसरी म्हणाली, "न्हाय साहेब, आमी काय बघलं न्हाय." जाळं विणत बसलेल्या म्हाताऱ्यानंही मान वर न करता तेच शब्द उच्चारले. आता पोलिसात मी एक गोष्ट शिकलोय. दहा माणसांना खरंच काही ठाऊक नसेल तर ती दहा तऱ्हेची उत्तरं देतात, तर्क लढवतात, शेजाऱ्यावर ढकलतात. सगळी एकाच सुरात बोलायला लागली, की समजायचं सगळ्यांना सगळं ठाऊक आहे.

त्यात एक निनावी फोन आला. म्हणे काशीदच्या एका रिसॉर्टमध्ये तशीच पेटी लावलीय. आम्ही जीप काढली. बागेत खरोखरच लाल पेटी उभी, आणि एक नवपरिणीत जोडपं तिच्या गळ्यात हात टाकून फोटो काढत होतं. मालक पोरगेला, गळ्यात चेन. "सर, ये तो फायबरचं आहे! सेल्फी पॉइंट आहे सर, चेक करा ना." हवालदारांनी पेटीवर टिचकी मारली. पोकळ टकटक आवाज आला. आम्ही जीप वळवली.

डाक निघायची वेळ ठाऊक असलेला, पाना नीट चालवणारा माणूस पोस्टाशी संबंधित असणार, हे उघड होतं. नवा डाकसेवक मोटारसायकलवरून यायचा, त्या दिवशी तो मुरुडला होता, त्याचे साक्षीदार होते. राहिले जुने डाकसेवक. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेले, कोळीवाड्यातलेच. सगळे त्यांना काका म्हणत, मीही म्हणे. उभी हयात त्यांनी ती पेटी उघडली होती. त्यांना ठाण्यात बोलावलं, चहा दिला.

"काका, पेटी कुणी चोरली असेल?"

त्यांनी बशीत चहा ओतला, प्याले, मिशा पुसल्या. "साहेब, चोरानं नेली न्हाय, एवढं सांगतो."

"मग कुणी नेली?"

"तुमी चोर हुडकताय ना? मंग मना कशाला इचारता?"

वर हसले! मला राग आला, पण त्या हसण्यात मस्ती नव्हती. मी त्यांना जाऊ दिलं. पुरावा काही नव्हता, आणि म्हाताऱ्या माणसाला लॉकअपची भीती दाखवून बोलतं करणं मला कधी जमलं नाही. केस डायरीत 'तपास चालू' एवढंच लिहीत राहिलो.

खंडेनवमी आली. ठाण्यात शस्त्रपूजेची गडबड. रायफली पुसून टेबलावर मांडल्या जातात, जीप धुतली जाते, बेड्यांनासुद्धा कुंकू लागतं. माझी बायको होती तोवर या दिवशी घरून निघताना ती माझ्या पट्ट्याला आणि टोपीला एक एक फूल वाहायची. मी म्हणायचो, "अगं, उशीर होतोय." ती म्हणायची, "ज्याच्यावर घर चालतं त्याला हात जोडायला कसला उशीर?" त्या वर्षी ती जाऊन पहिलाच दसरा होता. पट्टा मी तसाच कमरेला बांधला आणि बाहेर पडलो. सांगायला काय लाजायचं, फार एकटं वाटलं त्या सकाळी.

घरात बसवेना म्हणून हवालदारांबरोबर हार आणायला मीच बाजारात गेलो. आमची फुलवाली ठरलेली होती. रेवदंड्याकडून झेंडू आणायची आणि तोंडाचा पट्टा हातापेक्षा जोरात चालवायची.

"साहेब, आज सोता आले? बसा, बसा. जीपचा हार तयार हाय. रायफलींचे बारके करते. यंदा फुल म्हाग हाय, पन तुमाला म्हाग लावीन का मी? सकाळपासून उसंत न्हाय बघा. होडीवाले आले, रिक्षावाले आले, पोस्टाचे काका तर उजाडताच आले. त्यांचा हार दर साल पयला."

मी सहज विचारलं, "काकांना आता कसला हार? ते तर निवृत्त झाले."

"सायकलीला बारका. आन पेटीला मोठा. रिटायर झाले तरी पेटीचा हार काय चुकवला न्हाय त्यांनी. माप मला पाठ हाय, तोंड झाकता कामा न्हाय, पत्र टाकायची जागा मोकळी र्‍हायली पायजे म्हनतात."

"यंदाही मोठा नेला?"

"व्हय तर! यंदा तर दोन पदरी केला."

हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. पेटी जाऊन महिना होत आला होता. आणि या गृहस्थांनी तिच्या मापाचा दोन पदरी हार विकत नेला होता! पाना लपवला, अख्ख्या गावाचं तोंड बंद ठेवलं, पोलिसांच्या चहाला दाद दिली नाही. पण सणाच्या दिवशी पेटी हाराविना ठेवायची, हे त्या माणसाला जमलं नाही. दुसरा कुठलाही चोर ही चूक करणार नाही.

पूजा उरकून आम्ही दोघंच कोळीवाड्यात गेलो. काका ओट्यावर बसले होते. शेजारी सायकल, तिच्या हँडलला बारका हार.

मी एवढंच म्हणालो, "काका, दुसरा हार कुठं घातला?"

त्यांनी सायकलीचा हार सारखा केला. मग उठले, टोपी घातली आणि म्हणाले, "चला."

चार घरं टाकून एका कौलारू घराच्या पडवीत त्यांनी आम्हाला नेलं. पडवीच्या भिंतीवर पेटी टांगलेली होती. होडीला लावतात त्या तेलरंगानं ताजी रंगवलेली, लालबुंद, गळ्यात झेंडूचा दोन पदरी हार, आणि पत्र टाकायची फट बरोबर मोकळी. तिच्यापाशी एक बाई उभी होती. आम्हाला बघून तिनं पदर सावरला, पण जागची हलली नाही.

या बाईंना मी ओळखत होतो. त्यांना इथं ताई म्हणतो. त्यांचा नवरा खलाशी. गुजरातेतल्या एका ट्रॉलरवर कामाला गेला, बोट समुद्राची हद्द ओलांडून गेली म्हणून पकडली गेली, आणि तो पलीकडच्या देशाच्या तुरुंगात अडकला. तो आपलाच माणूस आहे याची पडताळणी करून कागद आमच्याच ठाण्यातून वर गेले होते. त्याला बरीच वर्षं लोटली होती. तिथं फोन नाही, भेट नाही. पत्र जायचं-यायचं ते फक्त सरकारी टपालानं, तेही दोन देशांचं बिनसलं की थांबायचं. सुरुवातीला त्याची दोनचार पत्रं आली. मग काहीच नाही.

"काका, पेटी तुम्ही नेली?"

"व्हय, मीच."

"आणि उघडता कशी? चावी कुठाय?"

काका दुखावल्यासारखे झाले. "चावी? चावी सरकारची साहेब, ती निवृत्तीला जमा केली मी. सही हाय माजी. ही पत्र लिहिते ते पेटीला लावते, मंग माज्या हातात देते. मी यष्टीनं जाऊन मुरुडच्या पोस्टात टाकतो."

"चावी सरकारची, आणि पेटी कुणाची?"

"पेटी पन सरकारचीच. म्हनून तर ओरखडा येऊ दिला न्हाय."

हवालदार दुसरीकडे बघायला लागले. मी ताईंना म्हणालो, "ताई, पत्र मुरुडलाच टाकायचं तर ही पेटी कशाला हवी? आणि उत्तर तर पोस्टमन घरी आणतो. पेटीत येत नाही."

"मना ठाव हाय साहेब," त्या म्हणाल्या. "मी यडी न्हाय. पयलं पत्र हिच्यात टाकलं, त्याचं उत्तर आलं. तवापासून सांजचं कालवण चुलीवर ठेवलं की मी बंदरावर जाऊन हिच्यापाशी उभी र्‍हाते. घरात बसून वाट बघवत न्हाय वो. लोकं म्हनतात, ही का उभी? तर पेटीपाशी उभी हाय, पत्र टाकायला आलीय. पेटी नेली तर मी उभी कुठं राहू?"

मला माझ्या घरातला तो दरवाजा आठवला, जिथं उभी राहून बायको माझ्या पट्ट्याला फूल वाहायची. त्या दरवाजात मीही रोज विनाकारण उभा राहत होतो आणि कुणी विचारलं तर म्हणत होतो, चपला शोधतोय.

पण वर्दी वर्दी असते. मी पंच बोलावले आणि जप्तीचा पंचनामा केला. 'लाल रंगाची टांगती टपालपेटी एक, सुस्थितीत, कुलूपबंद, त्यावर झेंडूच्या फुलांचा हार.' हवालदारांनी विचारलं, "हार काढू का साहेब?" मी म्हणालो, "हात लावू नका." काकांना समज देऊन तपासाला हजर राहायला सांगितलं. जीपमधून पेटी निघाली तेव्हा सगळा कोळीवाडा रस्त्याच्या कडेला आला होता. ताई रडल्या नाहीत. रिकाम्या भिंतीकडे बघत पडवीतच उभ्या राहिल्या, आणि ते बघणं मला फार जड गेलं.

दुसऱ्या दिवशी दसरा. संध्याकाळी पहाऱ्यावरचा शिपाई आत येऊन म्हणाला, "साहेब, एक बाई फाटकात उभीय. काही बोलत नाही, तक्रार नाही म्हणते." मी खिडकीतून बघितलं. मुद्देमालाची खोली फाटकाच्या डाव्या अंगाला होती, जाळीतून पेटी दिसत होती. ताई तिच्याकडे तोंड करून उभ्या होत्या. मी शिपायाला म्हणालो, "उभं राहू दे."

त्यानंतर काही दिवसांनी पोस्टमास्तर पेटी परत मागायला आले. कोर्टातून सुपूर्तनामा झाला होता. मी त्यांना सगळी हकिगत सांगितली. ऐकताना त्यांनी चष्मा दोनदा काढून पुसला, आणि मग एकदम माझ्यावरच ओरडले, "मी काय करू? आदेश आहे. जास्त टपाल असेल अशा जागी लावायचीय. कोळीवाड्यात परत लावता येत नाही!"

"जास्त टपाल असेल अशी जागा," मी म्हणालो. "मास्तर, या ठाण्यातून रोज किती टपाल निघतं ठाऊक आहे? पत्रव्यवहार, नोटिसा, अर्जांची उत्तरं. सगळं शिपाई मुरुडला घेऊन जातो."

पोस्टमास्तर थांबले. टेबलावरच्या जावक टपालाच्या गठ्ठ्याकडे बघितलं. मग फाटकाकडे बघितलं. "मोजणीत बसेल," ते हळूच म्हणाले. "अहो, आरामात बसेल! रीतसर प्रस्ताव द्या. मी शिफारस करतो."

तसा प्रस्ताव गेला आणि मंजूर झाला. पेटी आमच्या फाटकाच्या खांबावर लागली. बोल्ट बसवायला नव्या डाकसेवकानं काकांनाच हाताशी घेतलं. काकांनी कोर्टात गुन्हा कबूल केला, त्यांना समज देऊन सोडण्यात आलं. फिर्यादी पोस्टमास्तर त्या दिवशी कोर्टाच्या बाहेर काकांना चहा पाजताना मी स्वतः पाहिले. आमच्या शिपायांना नियम घालून दिला: रजिस्टरचं सोडून बाकी टपाल या पेटीतच पडलं पाहिजे. आणि सांजेला ताई येऊन उभ्या राहायच्या. पहारेकरी बदलत, पण त्यांना कुणी हटकलं नाही.

मी निवृत्त होण्याच्या थोडं आधी पलीकडच्या तुरुंगातून काही खलाशी सुटून आले. यादी वायरलेसवर आली तेव्हा मी नावं वरपासून खालपर्यंत वाचली, मग खालून वर वाचली. ताईंचा नवरा त्यात नव्हता. पण सुटलेल्यांतला एकजण, पालघरकडचा, गाड्या बदलत बदलत एका संध्याकाळी आमच्या ठाण्यात आला. वाळलेला, डोळे खोल गेलेले. त्याला ताईंचं घर हवं होतं. हवालदारांनी फाटकाकडे बोट केलं.

तो ताईंच्या समोर जाऊन उभा राहिला. मी जवळच होतो. म्हणाला, "वहिनी, तो बरा हाय. माझ्या शेजारच्या बराकीत हाय. तुमची पत्रं पोचली त्याला, सगळी न्हाय, पन पोचली. त्याची तिकडंच अडकतात. मला म्हणाला, जाशील तेव्हा एवढं सांग."

"काय सांग?"

"पत्रं वाटायच्या दिवशी आमी सगळे उठून जातो, नाव पुकारलं की घ्यायचं आन परत यायचं. तो न्हाय येत. नाव पुकारो, न पुकारो, सगळी वाटून झाली तरी तो फाटकाशी उभाच र्‍हातो. शिपाईबी आता त्याला काय बोलत न्हाय."

ताईंनी पेटीवर हात ठेवला. तोंडावर हसू आलं आणि डोळे भरून वाहायला लागले, दोन्ही एकदम. "बघा साहेब," त्या मला म्हणाल्या, "म्हंजे दोघं पन उभंच हाव."

त्या दिवशी मला पोस्टमास्तरांची ती ओरड कळली. तोट्यात का असेना, सरकार टपाल का चालवतं? दोन टोकांना दोन माणसं अशी उभी असतात, आणि त्यांच्यामधलं अंतर चालून जायला कुणाला परवडत नाही, म्हणून. नोकरीत मी शेकडो माणसं पकडली. माणूस कशासाठी जागचा हलत नाही, ते मात्र मी त्या फाटकात शिकलो.

आता किहीमजवळ मुलीच्या घरी राहतो. खंडेनवमीला सकाळची एसटी धरून त्या ठाण्यावर जातो. काकांना आता सायकल चालवणं जमत नाही, म्हणून हार मी नेतो. फुलवालीला माप पाठ आहे. फट मोकळी ठेवून हार घालतो आणि एक फूल माझ्या जुन्या पट्ट्यासाठी खिशात ठेवतो. मग सांज होईपर्यंत थांबतो. ताई येतात, मला बघून म्हणतात, "साहेब, आले?" आणि मी थोडा सरकून त्यांना जागा करून देतो.